चिकणखडकाची साय

ट्राममध्ये बसताना तिच्या मांडीखाली काहीतरी चुरगळलं. कुणीतरी वाचून टाकून दिलेलं फुकटचं वर्तमानपत्र. रेगुलाने ते ओढून काढलं, घडी घालून बाजूच्या सीटवर ठेवायला गेली, आणि घडीच्या वर आलेल्या अर्ध्या ओळीत तिला तिच्या गावाचं नाव दिसलं. वायडाख. ती ओळ तिने लगेच वाचली नाही. नावच बघत राहिली. ते नाव इतक्या मोठ्या अक्षरात तिने कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते फक्त बसथांब्याच्या पाटीवर, दुधाच्या डेअरीच्या दारावर आणि वडिलांच्या थडग्यावर. ट्राम नदीवरचा पूल ओलांडत होती, समोरची बाई सफरचंद खात होती. मग तिने ओळ वाचली. देशभरातल्या अणुभट्ट्यांचा कचरा कायमचा पुरण्यासाठी, ती स्वतः काम करत होती त्या संस्थेने, जागा निवडली होती. वायडाखच्या खाली, फार खोल, त्या काळ्या चिकणखडकात.

तिला उतरायचं होतं तो थांबा गेला. पुढचाही गेला. तो खडक तिला तळहातासारखा माहीत होता. साडेसतरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ, पुढे दबून दबून खडक झालेला; फोडला की आत अजून शिंपल्यांचे ठसे सापडतात आणि हाताला थोडा तेलकट लागतो. त्या खडकाला टेकून सिमेंट ठेवलं तर वर्षानुवर्षांत काय होतं, सिमेंट खडकाला काय देतं, खडक सिमेंटचं काय घेतो, हे बघण्यात तिची नोकरीतली सगळी वर्षं गेली होती. दूरच्या एका डोंगराखाली बोगद्यात प्रयोगशाळा होती. तिथे खडकाला भोकं पाडून त्यात सिमेंट ओतून ठेवलेलं होतं, आणि दर काही वर्षांनी ते कापून काढून ती भिंगाखाली बघायची. दोन्हींच्या मध्ये एक फिकट पापुद्रा धरतो. तापवलेल्या दुधावर धरते तशी साय. तिने पहिल्यांदा बैठकीत 'साय' म्हटलं तेव्हा लोक हसले होते, मग सगळेच साय म्हणायला लागले. पण त्या सगळ्या वर्षांत खडक म्हणजे तो बोगदा, ते दिवे, ते हेल्मेट. चार-पाच जागांचा विचार चालू आहे आणि त्यात वायडाखही आहे, हे तिला ठाऊक होतं. देशात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी खडकाच्या वर काय असतं, वर गवत असतं, गोठे असतात, तिची आई सकाळी उठून खिडकीची झडप उघडते, हे तिच्या मनात कधी त्या खडकाशी जोडलं गेलं नव्हतं. जणू खडकाला वरची बाजूच नव्हती.

फोन वाजला. कोनी. तिचा थोरला भाऊ सकाळी कधी फोन करत नसे, सकाळ गाईंची.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"नव्हतं. आत्ता पेपरात वाचलं."

"तिथेच काम करतेस आणि पेपरात वाचलंस."

"कोनी, जागा निवडणारे वेगळे. मी सिमेंट बघते."

"हो, तू सिमेंट बघतेस." मागे एक गाय हंबरली. "रविवारी जेवायला ये. आई बोलावतेय." आणि त्याने ठेवून दिला. आई बोलावत नसणार हे तिला कळलं. आईला बोलवायचं असलं की आई स्वतः फोन करायची आणि आधी हवामान सांगायची.

दुपारी डॉक्टर बेन्त्सिगर तिच्या टेबलाशी आले. ते विभागाचे प्रमुख, सभ्य मनुष्य, वाईट बातमी सांगतानाही आधी दुसऱ्याच्या खुर्चीची चौकशी करणारे. वायडाखच्या शाळेच्या व्यायामशाळेत पुढच्या शनिवारी दुपारी गावसभा होती. संस्थेची माणसं व्यासपीठावर बसणार होती.

"तुम्ही मूळच्या तिथल्याच ना?" ते म्हणाले. "म्हटलं, गावातली मुलगी बोलली की लोक वेगळं ऐकतात."

"गावातली मुलगी सत्तावन्न वर्षांची आहे."

"तेच तर. विश्वास बसतो."

ती हो म्हणाली. का म्हणाली हे तिला नंतर नीट आठवेना. कदाचित नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण सापडत नव्हतं. लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळं छापलेलं होतं. गेल्या वसंतात कापून काढलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ सगळे अपेक्षेप्रमाणे निघाले: साय पातळ, घट्ट, छिद्रं बुजलेली. एक तेवढा वेगळा निघाला. त्या एका भोकातलं सिमेंट बोटाने दाबलं तर ओल्या बिस्किटासारखं दबलं. ओतताना हवा राहिली असेल, पाणी जास्त पडलं असेल, असं सहकारी म्हणाले, असेलही. अहवालात तिने स्वतः लिहिलं होतं, 'कारण निश्चित सांगता येत नाही.' ते वाक्य कुणी काढायला सांगितलं नव्हतं. ते वाक्य कुणी वाचलंही नव्हतं. इतक्या पानांमध्ये ते खडकातल्या शिंपल्यासारखं पडून होतं.

घरी आल्यावर इमारतीच्या तळघरातल्या सामाईक खोलीत कपडे धुण्याची तिची पाळी होती. यंत्रासमोर बसून ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. सिमेंटच्या क्षाराने वर्षानुवर्षं कोरडी पडलेली बोटं, हिवाळ्यात चिरणारी. या बोटांनी तिने पहिल्यांदा सिमेंट मऊ झालेलं पाहिलं होतं ते बोगद्यात नव्हे. वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून गोठ्यामागे शेणमुताची टाकी बांधली होती. ती शाळेत जायला लागण्याच्या आधी केव्हातरी. ओतकाम संपल्यावर सगळ्यांनी टाकीत उभं राहून बिअर प्यायलेली तिला आठवते, किंवा त्याचा फोटो आठवतो. मग काही वर्षांनी एका उन्हाळ्यात ओढ्यात ट्राउट मासे पोट वर करून आले. वडील गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेक मासा हाताने उचलून बादलीत ठेवत होते, हळुवारपणे, जणू अजून काही करता येईल. टाकी झिरपत होती. ती रिकामी केल्यावर रेगुला आत उतरली आणि खालच्या कोपऱ्यात भिंतीला बोट लावलं. बोट आत गेलं. भिंत भिजल्या पिठासारखी बोटावर आली. तिला भीती वाटली नाही, वेगळंच काही वाटलं, जे तिला अजून नीट सांगता येत नाही: की दगड हा दगड नसतो, तो फक्त सावकाश होत असतो. वरून वडील म्हणाले, "बाहेर ये, त्यात बघण्यासारखं काही नाही." तिने आयुष्यभर तेच बघितलं.

रविवारी कोनीच्या घरी भाजलेलं मांस आणि कुस्करलेले बटाटे होते. बटाट्याच्या ढिगात खड्डा करून त्यात रस्सा ओतायचा, ही वडिलांची रीत कोनीने तशीच ठेवली होती. आई टेबलाच्या टोकाला बसली होती. शहाऐंशी वर्षांची, एका कानाने अजून सगळं ऐकणारी, आणि कुठला कान ते कुणाला नक्की माहीत नव्हतं. कोनीची बायको फ्रेनी उठबस करत होती. बराच वेळ कुणी विषय काढला नाही. गवताची पहिली कापणी चांगली झाली. पाद्री बदलणार. मग कोनीने काटा ठेवला.

"बरं, डॉक्टरीणबाई. ते तुमचं सिमेंट. टिकेल की नाही?"

"प्रश्न तसा नसतो कोनी—"

"झालं सुरू."

"ऐकून तरी घे. सिमेंट हा एक थर. त्याच्या आत पोलादी पिंपं, बाहेर खडक. प्रत्येकाचं काम वेगळं. सिमेंटचं काम—"

"मी काम विचारलं नाही. हो की नाही विचारलं."

"एका शब्दात सांगता येत नाही."

"मी गाय विकायला काढली की समोरचा विचारतो, गाभण राहील का? मी त्याला गर्भाशयाचे थर सांगत बसत नाही."

"पण तू खोटं सांगतोस," आई टोकावरून म्हणाली.

फ्रेनी हसली. कोनीसुद्धा जवळजवळ हसला. रेगुलाने हसण्याचा फायदा घेऊन पुन्हा सुरुवात केली. ती खूप बोलली. क्षारता म्हणजे काय, पाणी चिकणखडकातून किती सावकाश सरकतं, चुन्याचा अंश बाहेर जाऊन साय कशी धरते. बोलताना तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, बैठकीतला आवाज, कडा घासून गुळगुळीत केलेला. कोनी बटाट्याच्या खड्ड्यात काटा फिरवत होता. त्याचा हात वडिलांच्या हातासारखा झाला होता. अंगठ्याचं नख जाड, पिवळं. हा हात इथे किती वर्षं असेल, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिने तो पुरता होऊ दिला नाही.

"टिकण्याचं काय घेऊन बसलात," आई म्हणाली. "माझं गुडघ्याचं हाड टिकलं नाही. देवाने केलेलं होतं ते."

नंतर भांडी पुसताना फ्रेनी हळूच म्हणाली, "तो झोपत नाही, रेगुला."

"कचऱ्यामुळे?"

"विचार करत राहतो. तुझ्याकडून काहीतरी येईल म्हणून थांबलाय."

"पण मी सांगितलं सगळं."

फ्रेनीने ताटली फडक्याने गोल गोल पुसली. ती केव्हाच कोरडी झाली होती. "हो," ती म्हणाली. "सगळं सांगितलंस."

परतीच्या गाडीत ते 'सगळं' तिच्या कानात राहिलं. त्या आठवड्यात तिने शनिवारचं बोलणं लिहायला घेतलं. वाक्यं चांगली होत होती. 'सध्याच्या ज्ञानानुसार.' 'अपेक्षित मर्यादेत.' प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि सगळी मिळून काहीच सांगत नव्हती. ती उठून खिडकीशी जायची, खाली अंगणात शेजारी सायकली रांगेत लावत असायचा, पुन्हा येऊन बसायची. मनात एक गोष्ट घोळत होती, जी संस्थेत पोराटोरांनाही ठाऊक होती आणि म्हणून कुणी बोलत नसे. सिमेंट टिकणार नाही. टिकावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. सगळं गणितच ते विरेल असं धरून मांडलेलं होतं. प्रश्न होता तो किती सावकाश विरेल, आणि विरताना काय अडवून धरेल, आणि मग खडक आहेच. तिला ह्याची इतकी सवय होती की ही गोष्ट भयंकर आहे की साधी, हेच तिला कळेनासं झालं होतं. रात्री अंथरुणात ती कोनीच्या जागी होऊन हे वाक्य ऐकायचा प्रयत्न करी. जमत नसे. मध्येच स्वतःचाच चुळबुळणारा आवाज येई: प्रश्न तसा नसतो.

शनिवारी व्यायामशाळेत खुर्च्या कमी पडल्या. भिंतीला दोर आणि चढायच्या शिड्या तशाच होत्या, रबराच्या चटयांचा वासही तोच. याच दोरावर ती लहानपणी अर्ध्यावर अडकली होती आणि मास्तर खालून म्हणत होते, खाली बघू नकोस. ती डॉक्टर बेन्त्सिगरांच्या डावीकडे बसली. तिला अर्धं गाव ओळखू येत होतं, पण चेहरे वडिलांच्या पिढीचे वाटत होते. मग लक्षात आलं, ही तिच्याच वर्गातली माणसं. कोनी मागे, दाराजवळ, हात बांधून उभा होता. फ्रेनी दिसली नाही. नकाशे दाखवून झाले. कुणी रस्त्याबद्दल विचारलं, कुणी विहिरींच्या पाण्याबद्दल. मग पोस्टातल्या श्टुत्स बाई उभ्या राहिल्या. त्यांनी माइक घेतला नाही, त्यांना लागत नसे.

"मला एवढंच विचारायचंय. खाली जे काँक्रीट घालणार, ते टिकेल का?"

"यावर डॉक्टर हाउएनश्टाइन बोलतील," बेन्त्सिगर म्हणाले, आणि माइक तिच्याकडे सरकवला. "त्या तुमच्याच आहेत."

समोर कागद होता. पहिलं वाक्य तिने वाचायला तोंड उघडलं, आणि त्या वाक्याची चव तिला आली, खडूसारखी. तिने कागद उलटा केला.

"नाही," ती म्हणाली. "टिकणार नाही."

कुठेतरी खुर्ची करकरली. तिला वाटलं, आता भीती वाटेल. वाटली नाही. ती बोलत गेली. "कुठलंच सिमेंट तेवढा काळ टिकत नाही. आम्ही ते टिकेल म्हणून घालत नाही. ते विरेल, पण सावकाश, आणि विरेपर्यंत वाटेत उभं राहील. शेवटचा भरवसा खडकावर आहे. खडक फार जुना आहे, त्यातून पाणी जवळजवळ हलत नाही, एवढं आम्हाला चांगलं माहीत आहे."

"सावकाश म्हणजे किती, हे मोजलंय का तुम्ही?" श्टुत्स बाईंनी विचारलं.

"पंधरा वर्षांचं मोजलंय. पुढचं गणित आहे. गणित चांगलं आहे असं मला वाटतं. पण एका नमुन्यात सिमेंट मऊ पडलेलं निघालं. का पडलं, ते मला माहीत नाही."

मागून एक माणूस टाळ्या वाजवायला लागला. एकट्याच्या टाळ्या, उंच छताला लागून परत येणाऱ्या. ती टाळी तिला कानशिलात बसल्यासारखी वाटली, कारण तो तिचं म्हणणं ऐकून वाजवत नव्हता, पहिलाच शब्द ऐकून वाजवत होता. पुढच्या रांगेतला दुसरा एक जण उठून म्हणाला, "म्हणजे संस्थेनेच कबूल केलं." तिसरा म्हणाला, "अरे, ती खडकाचं बोलली, तू ऐकलंस का?" मग सगळेच बोलू लागले. तिने दाराकडे पाहिलं. कोनी तिथे नव्हता.

बाहेर बेन्त्सिगर कोट चढवत तिच्याजवळ आले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, थकलेला होता.

"तुम्ही एकही शब्द चुकीचा बोलला नाहीत," ते म्हणाले. "ते मी सगळ्यांना सांगेन."

"मग?"

"आता पुढचं वर्षभर लोकांना तुमचा पहिला शब्दच आठवेल." त्यांनी हातमोजे शोधले, मिळाले नाहीत. "उद्या त्यांना कुणी दुसरा येऊन खडकाचं सांगेल, तर म्हणतील, हाउएनश्टाइनांची रेगुला तर नाही म्हणाली होती. सोमवारी बोलू. तुम्हाला गाडीने स्टेशनवर सोडू का?"

"मी घरी जातेय."

चढावर गवत ओलं होतं. चालताना तिला हलकं वाटेल अशी तिची समजूत होती; तसं झालं नाही. खरं बोलल्यावर येतं म्हणतात ते समाधान कुठेच नव्हतं, फक्त ती टाळी होती. तिने जे सांगितलं ते गावाला सांगितलं, पण बोलताना डोळ्यांसमोर एकच माणूस होता, आणि तो उठून गेला होता. कुठल्या वाक्याला गेला? 'नाही'ला, की खडकाला, की मऊ पडलेल्याला? ती वाक्यं मागे मागे जाऊन तपासू लागली, जसे नमुने तपासायचे, कुठे हवा राहिली ते शोधत.

गोठ्यात दूध काढण्याचं यंत्र चालू होतं, त्याची ती एकसुरी धडधड. कोनी एका तपकिरी गाईच्या कुशीला कपाळ टेकून बसला होता. ती आल्याचं त्याला कळलं, पण त्याने मान वळवली नाही.

"लवकर निघून आलास," ती म्हणाली.

"गाईंना गावसभा समजत नाही."

ती थांबली. गोठ्यातली ऊब तिच्या चष्म्यावर धरली आणि सगळं पुसट झालं. त्या पुसटपणात त्याचा आवाज आला.

"काल सही केली. वरचं शेत संस्थेला दिलं. तिथे त्यांचं खाली उतरायच्या बोगद्याचं फाटक येणार."

तिने चष्मा काढला. वरचं शेत म्हणजे चेरीची झाडं, तिथून हवा स्वच्छ असली की बर्फाचे डोंगर दिसायचे.

"फ्रेनीची कंबर गेलीय," तो म्हणाला. "माझे गुडघे आईचेच. पुढे करणारं कुणी नाही. ते सभ्यपणे बोलले, दोनदा येऊन गेले. शुक्रवारपर्यंत सांगतो म्हणालो होतो." त्याने कास पुसली. "रविवारी तुला एक शब्द विचारला."

"कोनी—"

"तेव्हा शाळा भरवलीस. पोट भरेपर्यंत ऐकलं मी. मला वाटलं, एवढं बोलतेय म्हणजे ठीकच असणार. वाईट असतं तर एका शब्दात बोलली असती." तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "आणि आज सगळ्या गावापुढे एका शब्दात बोललीस."

यंत्र धडधडत राहिलं. तिच्या मनात वाक्यं तयार होत होती, आपोआप, वर्षांच्या सवयीने: तो शब्द सिमेंटबद्दल होता, शेताबद्दल नव्हता, धोका आणि झीज या दोन गोष्टी वेगळ्या, फाटक जमिनीवर असतं, कचरा किती खोल. सगळी खरी. एकेक वाक्य जिभेपर्यंत येऊन परत जात होतं. कोनीचे डोळे सुजलेले होते, न झोपलेल्या माणसाचे. तो वाद घालायला बसलेला नव्हता. तो कधीच वाद घालत नव्हता, हे तिला आत्ता, इतक्या उशिरा कळत होतं. रविवारी त्याला बहिणीचा हात हवा होता आणि तिने त्याच्या हातात अहवाल दिला.

"आता सांग," तो म्हणाला. "माझं चुकलं का?"

तिला माहीत नव्हतं. माहीत नाही हे तिला जितकं नक्की माहीत होतं तितकं या जगात थोड्याच लोकांना असेल. वरच्या शेताखाली खोल तो काळा खडक होता, त्यातून पाणी जवळजवळ हलत नव्हतं, आणि कुठल्यातरी एका भोकात सिमेंट का मऊ पडलं हे कुणाला सांगता येत नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये तिचा भाऊ स्टुलावर बसला होता.

"नाही," ती म्हणाली.

"मोजून सांगतेस?"

"नाही. मोजलेलं नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, समजल्यासारखी किंवा नुसतीच, आणि पुन्हा कासेकडे वळला. त्या गाईला माशा त्रास देत होत्या. तिचं शेपूट सारखं उडून त्याच्या गालावर बसत होतं आणि तो सवयीने डोळे मिटत होता. रेगुला शहरातल्या बुटांनी शेणातून पलीकडे गेली, शेपूट हातात धरलं, आणि त्याची गाय पिळून होईपर्यंत धरून उभी राहिली.